दारा नसरवानजी खुरोडी

दारा नसरवानजी खुरोडी (जन्म : २ जानेवारी १९०६, महू, मृत्यू : १ जानेवारी १९८३) हे भारतीय दुग्धव्यवसायतज्ज्ञ आणि प्रशासक होते. मुंबई सरकारचे दूध आयुक्त या नात्याने त्यांनी मुंबई शहराच्या दूधपुरवठ्याची घडी बसवली. गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीला लागून असलेल्या डोंगराळ भूभागात १९४९ साली उभी राहिलेली आरे दुग्ध वसाहत ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी मानली जाते. कमी स्निग्धांशाचे आणि कमी किमतीचे टोण्ड दूध भारतात प्रथम त्यांनीच प्रचारात आणले. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासमवेत रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शहराचे दूध हा केवळ जनावरांचा आणि बाजाराचा प्रश्न नसून तो जमीन, गवत आणि पाणी यांचाही प्रश्न आहे, हे आरे वसाहतीच्या आखणीतून स्पष्टपणे दिसून येते. गोठे धुतलेले पाणी वाया न घालवता त्यावर हिरवा चारा पिकवण्याची तेथील व्यवस्था या दृष्टीने विशेष उल्लेखनीय ठरते.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

खुरोडी यांचा जन्म इंदूरजवळील महू या लष्करी छावणीच्या गावी एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी बंगळूर येथील तत्कालीन सरकारी संस्थेत दुग्धव्यवसायाचे शिक्षण घेतले. त्या काळी भारतात या विषयाचे शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्था अगदी मोजक्या होत्या. दूध हा गवळ्यांचा परंपरागत धंदा समजला जात असे. त्यासाठी रसायनशास्त्र, जंतुशास्त्र, पशुवैद्यक आणि यंत्रशास्त्र यांची सांगड घालावी लागते, ही जाणीव नवीन होती. शिक्षणानंतर खुरोडी यांनी खासगी व सरकारी अशा दोन्ही प्रकारच्या दुग्धसंस्थांमध्ये काम केले. या अनुभवामुळे गोठ्यापासून ग्राहकाच्या दारापर्यंतचा दुधाचा संपूर्ण प्रवास त्यांना जवळून पाहता आला.

मुंबईच्या दुधाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि दुधाची टंचाई तीव्र झाली. शहराला लागणाऱ्या दुधाचा मोठा भाग शहरातल्याच तबेल्यांमधून येत असे. दाट वस्तीत, चाळींच्या शेजारी, अपुऱ्या जागेत हजारो म्हशी बांधलेल्या असत. तेथे शेणाचे ढीग साचत, गोठ्यातील घाण पाणी गटारांत जाई, माश्यांचा उपद्रव होई आणि दुधात पाण्याची भेसळ सर्रास चाले. गरीब घरांतील मुलांना शुद्ध दूध मिळणे दुरापास्त झाले होते.

या व्यवस्थेचा आणखी एक दुष्परिणाम शहरवासीयांच्या नजरेस सहसा पडत नसे. तबेल्यांसाठी गुजरात, सौराष्ट्र आणि उत्तर भारत येथून उत्तम जातीच्या, नुकत्याच व्यालेल्या म्हशी आणल्या जात. शहरात चारा महाग आणि जागा अपुरी असल्यामुळे दूध आटलेली म्हैस पुढच्या वेतापर्यंत सांभाळणे तबेलेवाल्याला परवडत नसे. परिणामी अनेक भाकड म्हशी कसायाकडे जात आणि पारडीही जगत नसत. देशातील चांगल्या दुभत्या जनावरांचा अशा रीतीने एकेका वेतानंतर नाश होत होता. याचे मूळ चाऱ्याच्या अभावात होते. म्हणजेच गवत हा मुंबईच्या दूधप्रश्नाचा अदृश्य पण निर्णायक घटक होता.

दूध आयुक्त

महायुद्धाच्या अखेरीस मुंबई सरकारने शहराच्या दूधपुरवठ्याची जबाबदारी अंशतः स्वतःकडे घेतली. सध्याच्या गुजरातमधील खेडा जिल्ह्यातून, आणंद येथून, रेल्वेने दूध आणण्याची योजना याच काळातली होय. खुरोडी १९४६ पासून मुंबईच्या दूधव्यवस्थेच्या केंद्रस्थानी होते. पुढील काही वर्षे मुंबईचे दूध आणि खुरोडी हे जणू समानार्थी शब्द झाले. संकलन, शीतकरण, निर्जंतुकीकरण, बाटल्यांत भरणे आणि वितरण या सर्व टप्प्यांवर सरकारी नियंत्रण आणण्याचे धोरण त्यांनी राबवले. सरकारी दूध केंद्रे, दुधाचे कार्ड, काचेच्या बाटल्या आणि त्यांवरील पातळ धातूची टोपणे हे मुंबईकरांच्या पुढील काही पिढ्यांच्या सकाळचे अविभाज्य अंग बनले. पहाटे दूध केंद्रासमोर लागणारी रांग हे मध्यमवर्गीय मुंबईचे नित्याचे दृश्य होते.

टोण्ड दूध

म्हशीच्या दुधात स्निग्धांशाचे प्रमाण साधारणतः सहा ते आठ टक्के असते. अशा दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी योग्य प्रमाणात मिसळले, तर स्निग्धांश कमी होतो, परंतु प्रथिने, दुग्धशर्करा व खनिजे यांचे प्रमाण टिकून राहते. अशा रीतीने तयार होणाऱ्या दुधाला टोण्ड दूध म्हणतात. सध्याच्या भारतीय मानकानुसार टोण्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ असावे लागतात. खुरोडी यांनी ही पद्धत १९४६ च्या सुमारास मुंबईत सुरू केली. तितक्याच म्हशींच्या दुधातून अधिक लोकांची गरज भागू लागली आणि किंमतही आवाक्यात राहिली. गवळी पाणी घालतो ती भेसळ आणि सरकार घालते ते प्रमाणीकरण, अशी टीका त्या काळी होणे स्वाभाविक होते. तथापि येथे पाण्याबरोबर घन पदार्थांची भर घातली जाते व प्रमाण जाहीर असते, हा दोहोंतील मूलभूत फरक आहे.

आरे दुग्ध वसाहत

शहरातील म्हशी शहराबाहेर हलवाव्यात, मात्र दूध ताजे पोहोचेल इतक्याच अंतरावर त्या ठेवाव्यात, या विचारातून आरे वसाहतीची कल्पना पुढे आली. त्यासाठी साष्टी बेटावरील गोरेगावच्या पूर्वेचा टेकड्या-दऱ्यांचा प्रदेश निवडण्यात आला. सुमारे १,२८७ हेक्टर क्षेत्राच्या या वसाहतीच्या उत्तरेला दिंडोशीचे डोंगर व बोरिवलीचे जंगल आहे, तर पूर्वेकडे विहार आणि पवई हे तलाव आहेत. या परिसरात वारली व अन्य आदिवासी समाजांचे पाडे पूर्वीपासून होते व आजही आहेत.

१९४९ साली वसाहतीची स्थापना झाली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी येथे वृक्षारोपण केले. वसाहतीत ३२ गोठे-समूह बांधण्यात आले व तेथे सुमारे १६,००० जनावरांची सोय झाली. या समूहांना युनिट म्हटले जाई. आजही आरेमधील पत्ते युनिटच्या क्रमांकावरून सांगितले जातात.

वसाहतीची रचना सरकारी आणि खासगी सहभागाची होती. म्हशींची मालकी तबेलेवाल्यांकडेच राहिली. सरकारने त्यांना परवाना, गोठ्यातील जागा, पाणी, चारा, पशुवैद्यकीय सेवा आणि कामगारांसाठी निवास उपलब्ध करून दिला व त्यासाठी शुल्क आकारले. मिळणारे दूध सरकारी दुग्धशाळेला द्यावे लागे. धंदा मोडून न काढता त्याची जागा आणि शिस्त बदलण्याचा हा मार्ग होता.

गवत आणि पाणी

मुंबईच्या उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळपास सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. टेकड्यांवरील मातीचा थर पातळ आणि खालचा खडक कठीण असल्यामुळे पाणी वेगाने वाहून जाते. पावसाळ्यात हिरवेगार असणारे डोंगर-उतारावरील रान दिवाळीनंतर पिवळे पडते. शहराची दुधाची गरज मात्र बारमाही असते. त्यामुळे उरलेल्या आठ महिन्यांत हिरवा चारा हवा असेल, तर सिंचनाला पर्याय नव्हता. पिण्याच्या पाण्याची आधीच ओढ असलेल्या महानगरात गवतासाठी स्वच्छ पाणी मोठ्या प्रमाणावर वापरणे समर्थनीय ठरले नसते.

या अडचणीचे उत्तर गोठ्यातच होते. म्हशीला पिण्यासाठी भरपूर पाणी लागते. तिला घाम कमी येत असल्यामुळे उन्हाळ्यात अंगावर पाणी मारावे लागते आणि गोठाही रोज धुवावा लागतो. हे धुवण शेण व मूत्र मिसळलेले असते. त्यात गवताच्या वाढीस आवश्यक असणारे नत्र, स्फुरद व पालाश असतात. असे पाणी पाटांनी सखल भागातील शेतांकडे नेऊन तेथे मुख्यतः पॅरा गवत घेतले जाई. एकदा म्हशींसाठी वापरलेले पाणी दुसऱ्यांदा त्यांच्याच चाऱ्यासाठी उपयोगी पडे आणि वेगळे खतही द्यावे लागत नसे.

पॅरा गवताची निवड सयुक्तिक होती. हे बहुवर्षायू गवत जमिनीसरशी पसरते, त्याच्या पेरांना मुळे फुटतात आणि पाणथळ जमिनीतही ते तग धरते. बहुतेक चारापिके पाणी साचल्यास कुजतात. पॅरा गवताला मात्र घाण पाण्याचा मोठा हप्ता सोसतो. त्याची लागवड बियांऐवजी खोडाचे तुकडे लावून करतात. पाणी व खत पुरेसे मिळाल्यास साधारण महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने वर्षभर कापण्या घेता येतात. थंडीत मात्र त्याची वाढ मंदावते.

आरेमध्ये म्हशींना ओल्या कुरणात मोकळे चरायला न सोडता गवत कापून गोठ्यात आणून दिले जाई. भिजलेल्या जमिनीवर जड जनावरे फिरली की माती दबते, पाणी मुरण्यास अडथळा होतो व खाल्ले जाते त्याहून अधिक गवत पायदळी तुडवले जाते. शेणयुक्त पाणी दिलेल्या कुरणात जंतांचा प्रादुर्भाव होण्याचाही धोका असतो. कापणीच्या पद्धतीत हे दोष टळतात, मात्र मजुरी व वाहतुकीचा खर्च वाढतो.

सांडपाण्यावर गवत वाढवून शहराला दूध पुरवण्याची पद्धत जगात अन्यत्रही होती. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या सांडपाण्यावर क्रेगेनटिनी येथील कुरणे एकोणिसाव्या शतकात पोसली जात आणि तेथील गवत शहरातील गोठ्यांना पुरवले जाई. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराच्या सांडपाण्यावर वेरिबी येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विस्तीर्ण कुरणे राखली गेली. तेथे जनावरे प्रत्यक्ष कुरणात चरत. आरेचे वेगळेपण असे की येथे गोठा, पाणी, गवत आणि दुग्धशाळा ही चारही अंगे एकाच आवारात आणि एकाच नियोजनाखाली आली होती.

व्यवस्थेच्या मर्यादा

ही व्यवस्था स्वयंपूर्ण नव्हती. एका म्हशीला रोज सुमारे २५ किलो हिरवा चारा द्यायचा म्हटले, तर १६,००० जनावरांना दिवसाला ४०० टन, म्हणजे वर्षाला जवळपास दीड लाख टन चारा लागेल. हेक्टरी वार्षिक उत्पादन १५० टन धरले, तरी त्यासाठी सुमारे हजार हेक्टर बागायती जमीन हवी. वसाहतीचे एकूण क्षेत्रच १,२८७ हेक्टर असून त्यात टेकड्या, रस्ते, गोठे, बागा व निवासस्थाने यांचाही समावेश होता. त्यामुळे भाताचा पेंढा, वाळलेले गवत आणि पेंड बाहेरून आणणे अपरिहार्य होते. शिवाय पॅरा गवतात पाण्याचा अंश अधिक असल्यामुळे केवळ त्यावर जनावराचे पोषण होत नाही व सुक्या चाऱ्याची जोड द्यावीच लागते.

दुसरी मर्यादा पावसाळ्याची होती. एक प्रौढ म्हैस दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते. या हिशेबाने संपूर्ण वसाहतीत रोज दोनशे टनांहून अधिक शेण जमा होणार. कोरड्या ऋतूत जमीन धुवणाचे पाणी शोषून घेते. पावसाळ्यात मात्र ती आधीच तुडुंब भिजलेली असल्यामुळे धुवणाचे पाणी नाल्यांना मिळते. आरेच्या टेकड्यांवरून येणारे नाले ओशिवरा आणि मिठी या नद्यांना जाऊन मिळतात. जे पाणी गवताच्या मुळाशी खत ठरते, तेच नाल्यात गेले की प्रदूषण ठरते. पुढील काळात गवताचे क्षेत्र घटत गेले, तसा या दुसऱ्या बाजूचा उपद्रव अधिक जाणवू लागला.

तिसरा प्रश्न भाकड जनावरांचा होता. मुंबईतील सर्वच म्हशी आरेमध्ये सामावणे शक्य नव्हते आणि शहर-उपनगरांतील तबेले पूर्णपणे बंद झाले नाहीत. पुढे तत्कालीन ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या दापचरी येथे मोठा दुग्धप्रकल्प हाती घेण्यात आला. तेथील चाऱ्याच्या सिंचनासाठी कुर्झे धरणाचे पाणी उपलब्ध करण्यात आले. मुंबईच्या दुधासाठी बारमाही हिरवे गवत हवे आणि त्यासाठी पाण्याची शाश्वती हवी, हे आरेमध्ये दिसून आलेले सूत्र तेथेही कायम राहिले.

आणंद आणि मतभेद

खुरोडी यांच्या कारकिर्दीचा विचार आणंदच्या सहकारी चळवळीशिवाय पूर्ण होत नाही. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदवला गेला. पुढे अमूल या नावाने तो देशभर प्रसिद्ध झाला. या संघासाठी मुंबईची सरकारी दूधयोजना ही सर्वांत महत्त्वाची ग्राहक होती. त्यामुळे दूध आयुक्त आणि संघ यांचा संबंध जितका परस्परावलंबी, तितकाच तणावाचा राहिला. हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढते व उन्हाळ्यात घटते, तर शहराची मागणी वर्षभर जवळपास सारखी असते. हिवाळ्यातील जादा दूध कोणी घ्यायचे, दर कोणता द्यायचा आणि टोण्ड दुधासाठी परदेशी भुकटी किती वापरायची, हे वादाचे विषय होते. जादा दुधाची भुकटी करणारा कारखाना आणंद येथे ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला, त्यामागे हीच अडचण होती. कुरियन यांनी आपल्या आत्मचरित्रात खुरोडी यांच्याशी झालेल्या संघर्षाविषयी परखडपणे लिहिले आहे.

मूळ मतभेद दृष्टिकोनाचा होता. खुरोडी यांचे लक्ष ग्राहक असलेल्या शहरावर केंद्रित होते. शहराला रोज, ठरलेल्या वेळी, शुद्ध व परवडणारे दूध मिळाले पाहिजे, हे त्यांचे उत्तरदायित्व होते. पटेल आणि कुरियन यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी ग्रामीण उत्पादक होता. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने दुसरा मार्ग राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला. म्हैस शहराजवळ आणण्यापेक्षा ती जेथे चारा आहे अशा खेड्यातच ठेवून केवळ दूध शहरात आणणे अधिक किफायतशीर, हे त्यातून सिद्ध झाले. तरीही त्या मार्गाला लागणारी मोठी, नियमित आणि संघटित शहरी बाजारपेठ मुंबईत आधीच तयार झाली होती आणि तिच्या उभारणीत खुरोडी यांचा वाटा मोठा होता.

सन्मान, लेखन व निधन

१९६३ साली सामुदायिक नेतृत्वासाठीचा रेमन मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांना संयुक्तपणे देण्यात आला. धोरणात परस्परविरोधी बाजूंना उभ्या राहिलेल्या व्यक्तींचा एकत्र गौरव होणे ही दुर्मीळ घटना होती. १९६४ साली भारत सरकारने खुरोडी यांना पद्मभूषण हा किताब दिला. भारतातील दुग्धव्यवसायाचा आढावा घेणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाची ७७ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना, १ जानेवारी १९८३ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

आरे वसाहतीच्या जमिनीचा काही भाग कालांतराने इतर कारणांसाठी देण्यात आला. १९७७ साली दिंडोशीच्या बाजूस चित्रनगरी उभी राहिली. मेट्रो रेल्वेच्या कारशेडसाठी झालेल्या वृक्षतोडीमुळे आरेचे नाव देशभर चर्चेत आले आणि २०२० साली येथील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. या चर्चेत आरेचा उल्लेख बहुधा जंगल म्हणून होतो. ही भूमी पाऊण शतकापूर्वी शहराच्या दुधासाठी, म्हणजे पर्यायाने गवतासाठी, राखली गेली आणि त्यामुळेच ती इमारतींपासून दीर्घकाळ वाचली, ही वस्तुस्थिती मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही.

खुरोडी यांचे नाव आज कुरियन यांच्या तुलनेने अपरिचित आहे. दूध महापूर योजनेच्या यशानंतर शहराशेजारी म्हशी ठेवण्याची कल्पना कालबाह्य ठरली व तिच्याबरोबर तिचा जनकही विस्मरणात गेला. परंतु वाढत्या शहरांपुढे आज सांडपाण्याचा पुनर्वापर हा प्रश्न उभा आहे. स्वच्छ पाण्याची बचत, खताची बचत आणि नदीचे रक्षण ही तीनही उद्दिष्टे गोठ्यातील पाणी गवताला दिल्याने एकाच वेळी साधतात आणि ते न दिल्याने एकाच वेळी बिघडतात, हे आरेमध्ये दोन्ही बाजूंनी अनुभवास आले. त्यामुळे खुरोडी यांच्या कार्याचा अभ्यास दुग्धव्यवसायाबरोबरच जलव्यवस्थापनाच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरतो.

हे सुद्धा पहा

आरे दुग्ध वसाहत
अमूल
वर्गीस कुरियन
त्रिभुवनदास पटेल
दिंडोशी
मिठी नदी